आईची शुगर, तळपायाच्या मुंग्या आणि २१ सिटिंगचं पॅकेज : रिफ्लेक्सॉलॉजी करावी का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आई ५८ वर्षांच्या, मानेवाड्याला राहता, शुगर बारा वर्षांपासून, गुडघे दुखतात, रात्री झोप नाही, आणि गेल्या सहा महिन्यांपासून तळपायाला मुंग्या आणि जळजळ. शेजारच्या काकूंनी एका सेंटरवर नेलं, तिथं पायाचा एक पॉइंट दाबला, आई "आई गं" म्हणाल्या, आणि त्यांनी लगेच सांगितलं की पॅनक्रियाज (स्वादुपिंड) ब्लॉक आहे, २१ सिटिंगमध्ये उघडेल, मग गोळ्या सुटतील, १०,५०० रुपये आगाऊ. तुम्ही विचारलं की हे रिफ्लेक्सॉलॉजी म्हणजे नेमकं काय असते आणि आईचं करावं का.

मी नागपुरात १९ वर्षांपासून हेच काम करते, त्याच्या आधी ९ वर्षं नर्स होते, म्हणजे पोट माझंही यावरच चालते हे आधीच सांगून ठेवते. उत्तर थोडक्यात असं की आईला करून बघायला हरकत नाही, झोपेला आणि अंग मोकळं व्हायला बऱ्याच जणांना बरं वाटते, पण आधी पाय डॉक्टरकडून तपासून घ्यायचे, शुगरची एकही गोळी बंद करायची नाही, आणि ते दहा हजार पाचशे तर अजिबात भरायचे नाहीत. आता सविस्तर सांगते, वेळ असेल तेव्हा वाचा.

रिफ्लेक्सॉलॉजीवाले मानतात की तळपायावर सगळ्या शरीराचा नकाशा आहे. बोटं म्हणजे डोकं, डोळे, कान, सायनस. बोटांच्या खालचा फुगीर भाग म्हणजे छाती, फुप्फुसं. मधली कमान म्हणजे पोट, लिव्हर, आतडी, किडनी. टाच म्हणजे कंबरेखालचा भाग. आणि पायाच्या आतल्या कडेनं अंगठ्यापासून टाचेपर्यंत जी रेघ जाते ती पाठीचा कणा. उजवा पाय शरीराची उजवी बाजू, डावा पाय डावी, म्हणून लिव्हर उजव्या पायावर दाखवतात आणि स्प्लीन म्हणजे प्लीहा डाव्या. असाच नकाशा तळहातावर आणि कानावरही काढतात. या जागांवर अंगठ्यानं दाब दिला की त्या त्या अवयवाला फायदा होतो अशी ती थिअरी. आपल्याकडे याला सरसकट ॲक्युप्रेशर म्हणतात, माझ्या दाराच्या पाटीवर रिफ्लेक्सॉलॉजी लिहिलेलं आहे तरी लोक "ॲक्युप्रेशरवाल्या ताई" म्हणूनच विचारत येतात, मी पण आता दुरुस्त करत नाही. खरं तर ॲक्युप्रेशर चिनी पद्धतीतून आलं, त्यात मेरिडियन म्हणजे ऊर्जेच्या वाहिन्या मानतात आणि पॉइंट अंगभर असतात. रिफ्लेक्सॉलॉजीचा नकाशा वेगळा आणि तो आला अमेरिकेतून.

हो, अमेरिकेतून. पाच हजार वर्षं जुनी विद्या वगैरे जे बोर्डावर लिहितात ना, ते कशावरून आलं ते पण सांगते. इजिप्तमध्ये सक्कारा इथं अंखमाहोर नावाच्या अधिकाऱ्याची कबर आहे, साधारण इसवीसनपूर्व २३०० च्या आसपासची, तिच्या भिंतीवर काही माणसं दुसऱ्यांचे हातपाय धरून बसलेली कोरली आहेत. आता ते उपचार करून राहिले की नखं साफ करून राहिले हे चित्रावरून छातीठोक कोणी सांगू शकत नाही. आज आपण जे करतो त्याची सुरुवात मात्र स्पष्ट लिहिलेली आहे. विल्यम फिट्झजेराल्ड नावाचे कान-नाक-घशाचे डॉक्टर होते, त्यांनी शरीराचे उभे दहा पट्टे कल्पिले, प्रत्येक बोटाच्या रेषेत एक, आणि एका पट्ट्यात दाब दिला की त्याच पट्ट्यात दुसरीकडे बधिरपणा येतो असं त्यांचं म्हणणं. कपडे वाळत घालायचे चिमटे, रबरबँड, कंगवे असलं काहीही बोटांना लावून बघायचे ते. १९१७ मध्ये त्यांचं पुस्तक आलं, झोन थेरपी म्हणून. मग युनिस इंगहॅम नावाच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी १९३० च्या दशकात त्या पट्ट्यांच्या पुढे जाऊन तळपायावर एकेक अवयव बसवला, १९३८ मध्ये त्यांनी पुस्तक काढलं, आणि आज जगभर जे रंगीत चार्ट भिंतीवर दिसतात ते बहुतेक त्यांच्याच नकाशाचे नातू-पणतू. म्हणजे वय शंभर वर्षांच्या आसपास. जुनं नाही म्हणून वाईट असं काही नाही, पण खोटं वय सांगायची काय गरज आहे बाप्पा.

आपल्याकडचं जुनं हवंच असेल तर ते आहे, पादाभ्यंग, म्हणजे पायाला तेल चोळणं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पायाला तेल लावायचे फायदे दिले आहेत : पायाचा खरखरीतपणा, ताठरपणा, कोरडेपणा, थकवा, बधिरपणा हे लगेच कमी होतात, नजर साफ होते असंही म्हटलंय. माझी आजी हिंगण्याला असायची, ती रोज रात्री काशाच्या वाटीनं आजोबांचे तळवे घासायची तेव्हा तिच्या डोक्यात ना पॅनक्रियाज होता ना किडनी. पाय थकले, तेल लावलं, झोप लागली, इतकंच.

सिटिंगमध्ये काय होते ते पण सांगते कारण काहींना भीती वाटते. माझ्याकडे पाऊण तास लागतो. पहिल्या वेळी पंधरा मिनिटं फक्त विचारण्यात जातात, कुठले आजार, कुठल्या गोळ्या, ऑपरेशन, पायाला कधी जखम. मग तुम्ही रेलून बसायच्या खुर्चीत, मी पायाशी स्टुलावर. आधी पाय बघायचे, नीट, बोटांच्या बेचक्यांसकट. मग घोटा गोल फिरवणं, पाय हलकेच पिळल्यासारखा करणं, बोटं ओढणं, म्हणजे पाय सैल पडतो. पायात २६ हाडं आणि ३३ सांधे असतात, दिवसभर चपलेत कोंबून ठेवलेले, नुसतं एवढं केलं तरी अर्धे लोक डोळे मिटतात. मग अंगठा सुरवंटासारखा चालवायचा, वाकव-सरळ कर, वाकव-सरळ कर, मिलिमीटरनं पुढे. तेल घेत नाही, सटकते, थोडी पावडर किंवा किंचित क्रीम. शेवटी दोन्ही तळव्यांच्या मधोमध अंगठे ठेवून श्वासाबरोबर दाब द्यायचा आणि सोडायचा. दुखलं तर "सोसा, दुखते म्हणजे काम होऊन राहिलं" असं म्हणणाऱ्याकडून पाय सोडवून घ्यायचा. दाब जोरदार पण हवाहवासा वाटला पाहिजे. लाकडी काडीनं खुपसून लोकांना ओरडायला लावणारे मी पाहिले आहेत, सिताबर्डीत मी स्वतः एकाकडे करून घेतलं होतं, तीन दिवस टाच टेकवत नव्हती.

आता फायदा होतो का. माझ्याकडे येणाऱ्यांना होतो, असं मी म्हणणारच ना, म्हणून माझं सोडा. २००९ मध्ये एका संशोधकानं तोपर्यंत झालेल्या १८ नीट केलेल्या चाचण्या एकत्र तपासल्या, निष्कर्ष असा की कुठल्याही आजारावर रिफ्लेक्सॉलॉजी चालते असा पटण्याजोगा पुरावा नाही. ऑस्ट्रेलिया सरकारनं अशाच बऱ्याच थेरपींचा आढावा घेतला आणि १ एप्रिल २०१९ पासून खाजगी आरोग्य विम्यात रिफ्लेक्सॉलॉजीचे पैसे मिळणं बंद झालं. आमच्या लाइनमधले लोक हे सांगत नाहीत, ग्राहक जाईल म्हणून. मी सांगते, आणि माझे ग्राहक काही गेले नाहीत, कारण जे येतात ते पाऊण तास कोणी त्यांचे पाय हातात घेते म्हणून येतात.

पण दुसरी बाजू पण बघा. अमेरिकेत ब्रेस्ट कॅन्सर पुढच्या स्टेजला गेलेल्या ३८५ बायकांचा अभ्यास २०१२ मध्ये छापून आला. काहींना शिकलेल्या लोकांकडून रिफ्लेक्सॉलॉजी, काहींना साध्या माणसाकडून नुसतं पाय चोळून देणं, काहींना नेहमीचे उपचार फक्त. रिफ्लेक्सॉलॉजीवाल्यांचं दम लागणं कमी झालं, हिंडणं-फिरणं थोडं सुधारलं. दुखणं, मळमळ, घाबरेपणा यात फरक नाही. आणि गंमत म्हणजे थकवा कुणाचा कमी झाला, तर ज्यांचे पाय साध्या माणसानं चोळले त्यांचा! हे वाचल्यावर मी दोन दिवस विचार करत होते. म्हणजे पायाला हात लावण्यात काहीतरी आहे, ते नक्की, पण ते नकाशातल्या पॉइंटमुळेच आहे असं म्हणायला जागा राहत नाही.

ते का होत असावं याची साधी कारणं आहेत. आपलं कोपर दाराला लागलं की आपण पटकन चोळतो, चोळल्यानं ठणका कमी वाटतो. १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी यावर गेट कंट्रोलची थिअरी मांडली, की स्पर्शाचे आणि दाबाचे संदेश मज्जारज्जूत दुखण्याच्या संदेशांची वाट अडवू शकतात. शिवाय संथ स्पर्श, मोबाइल लांब, कोणीतरी आपल्यासाठीच बसलेलं, श्वास आपोआप लांब होतो, अंग ढिलं पडते. आईंना झोपेसाठी याचा उपयोग होऊ शकतो, आणि झोप सुधारली की गुडघ्याचं दुखणं सुद्धा थोडं सुसह्य होते. पण गुडघ्याचं खरं काम मांडीचे स्नायू बळकट करण्यात आहे, ते फिजिओथेरपीवाल्याकडून शिकून घ्या, माझ्यासारखीनं टाचेजवळचा गुडघ्याचा पॉइंट दाबून गुडघा काही नवा होत नाही.

आता त्या "पॅनक्रियाज ब्लॉक"बद्दल, कारण माझा खरा राग तिथंच आहे. पाय दाबून आजार ओळखता येतो का? इंग्लंडमध्ये २००० साली हे तपासलं गेलं. सहा ठरावीक आजारांपैकी एक किंवा जास्त असलेली १८ माणसं, दोन रिफ्लेक्सॉलॉजिस्ट, त्यांना आजार सांगितला नाही, फक्त पाय तपासायला दिले. अंदाजानं जेवढं बरोबर येईल त्यापेक्षा जास्त काही आलं नाही, आणि त्या दोघांचं एकमेकांशी सुद्धा जुळलं नाही. ब्लॉक असता तर निदान दोघांना एकाच जागी सापडला असता ना! बारा वर्षं शुगर असलेल्या बाईच्या तळव्याची कमान दाबली की ती "आई गं" म्हणणारच, तिथं प्लांटार फॅशिया नावाचा पट्टा ताणलेला असतो, मांसपेशी थकलेल्या असतात, नसा चिडलेल्या असतात. आणि आईंना शुगर आहे हे काकूंनी दारातच सांगितलं असेल.

हे मी दुसऱ्याला नावं ठेवायला लिहून नाही राहिली. मी पण केलंय. जिथं शिकले तिथं आम्हाला पक्कं शिकवलं होतं की दाबलं की रव्यासारखं लागते ते युरिक ॲसिडचे क्रिस्टल, फोडून काढायचे. सुरुवातीच्या दुसऱ्याच वर्षी धरमपेठच्या एक बाई आल्या, चाळिशीच्या, किडनीच्या जागी जरा दाबलं तर ओरडल्या, मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं किडनी तपासून घ्या. त्या बाईनं सोनोग्राफी, रक्त, लघवी सगळं केलं, आठ दिवस जेवली नाही नीट, सगळं नॉर्मल. रिपोर्ट घेऊन मला दाखवायला आली, रागावली नाही, फक्त म्हणाली, "ताई, माझ्या पोरांना मी काय काय सांगून ठेवलं होतं तुम्हाला माहीत नाही." त्या दिवसापासून मी पायावरून आजार सांगत नाही. आणि ते क्रिस्टल म्हणाल तर गाउट नावाच्या सांध्यांच्या आजारात युरिक ॲसिडचे क्रिस्टल खरोखर होतात, पण सांध्यात, आणि तेव्हा चादर लागली तरी माणूस कळवळते, कोणी अंगठ्यानं फोडू देणार नाही.

तसंच विष बाहेर काढायचं. काशाची वाटी तुपानं घासली की तळवा काळा होतो, आणि सगळे खूश की उष्णता निघाली. तो काळा रंग वाटीच्या धातूचा आहे, कासं म्हणजे तांबं आणि कथिल, तूप-घाम लागून घासलं की काळं सुटते. वाटी जरूर वापरा, मी पण वापरते, नागपूरच्या मे महिन्यात रात्री तळवे जळजळ करतात तेव्हा तर फार छान वाटते, फक्त काळं दिसलं म्हणून पैसे जास्त देऊ नका. आणि मिठाच्या पाण्यात मशीनच्या तारा टाकून पाय बुडवायला लावतात, पाणी चहासारखं होते, ते तर पाय न बुडवताही होते, तारेचं लोखंड गंजते त्याचा रंग तो. शरीरातलं नको ते काढायचं काम लिव्हर आणि किडनी चोवीस तास फुकटात करतात.

अजून एक शब्द ऐकाल, "हीलिंग क्रायसिस". दोन-तीन सिटिंगनंतर चक्कर आली, शुगर वर गेली, पाय सुजला तर म्हणतात घाण निघून राहिली, चालू ठेवा. नाही. पाय सुजला तर थांबायचं आणि डॉक्टरकडे जायचं.

आता आईंच्या मुंग्यांकडे येते. बारा वर्षांच्या शुगरमध्ये तळपायाला मुंग्या आणि जळजळ म्हणजे न्यूरोपॅथीचा, शुगरनं नसा खराब होण्याचा, विचार पहिला करायचा. आणि यात धोका असा की आधी मुंग्या येतात, मग हळूहळू संवेदनाच जाते, तेव्हा लोकांना वाटते बरं झालं, जळजळ गेली! म्हणून पहिलं काम, डॉक्टरांना पाय दाखवा. ते नायलॉनचा एक तंतू टेकवून बघतात, १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट म्हणतात त्याला, दोन मिनिटांचं काम, दुखत नाही. पायाच्या नाड्या बघतात. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी, किती आहे ते बघा. आणि आई मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी घेत असतील, बरेच जण घेतात, तर बी-१२ तपासायचं का ते नक्की विचारा, कारण ती गोळी वर्षानुवर्षं घेतली की काहींचं बी-१२ कमी होते आणि त्यानं सुद्धा मुंग्या येतात. शाकाहारी घर असेल तर आणखीच विचारा. यासाठी गोळी बंद करायची नसते, बी-१२ भरून काढायचं असते. बघा, २१ सिटिंग करून जे झालं नसतं ते कदाचित एका रक्ताच्या तपासणीत सापडेल. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात किंवा एम्सला ओपीडीत दाखवलं तरी चालते, रांग असते, सकाळी लवकर जायचं एवढंच.

संवेदना कमी असलेल्या पायाचं काय होते ते मी माझ्याच हातून बघितलंय. एक रिटायर्ड काका यायचे, अजनीकडचे, शुगरवाले. थंडीचे दिवस, मी सिटिंगआधी टबमध्ये कोमट पाणी दिलं, काका म्हणाले अजून गरम टाक, हे तर थंड लागते. मी टाकलं. त्यांना कळतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी फोड, भरायला दीड महिना लागला, रोज ड्रेसिंगला मी स्वतः जायची. नऊ वर्षं नर्स राहिलेली बाई मी, आणि मला हे सुचलं नाही. तेव्हापासून शुगरवाल्यांना पाणी नाही, हॉट पॅक नाही, दाब एकदम हलका, आणि डॉक्टरनं पाय बघितला नसेल तर सिटिंगच नाही.

याच कारणासाठी ते काटेवाले ॲक्युप्रेशरचे रोलर, खिळ्यांसारखे टोक असलेले पाट, चुंबकवाल्या चपला हे आईंना देऊ नका. बागेत गोट्यांचा ट्रॅक असतो त्यावर अनवाणी चालायचं पण नाही. तळवा बधिर असला की काटा रुतलेला संध्याकाळपर्यंत कळत नाही. आणि आपला उन्हाळा तर विचारूच नका, ४५-४६ डिग्रीला गच्चीची फरशी, देवळाची फरशी तव्यासारखी, साध्या माणसाचा पाय पटकन उचलला जातो, न्यूरोपॅथीवाल्याचा जात नाही. नवरात्रात कोराडीला पायी जाणाऱ्यांत कितीतरी शुगरवाले अनवाणी असतात, मी दर वर्षी दसऱ्यानंतर फोडवाले पाय बघते. आईंना देवीला जायचं असेल तर जाऊ द्या, मऊ मोजे आणि मापाचे बूट घालून, देवी काही म्हणत नाही.

मी कुणाचे पाय घेत नाही ते पण सांगते, कारण कोणाकडेही गेलात तरी त्यानं हे विचारायला हवं. पोटरीत अचानक सूज, गरमपणा, एकाच पायाला. दोनेक वर्षांपूर्वी एक पोरगा आला, रात्रभर ट्रॅव्हल्सच्या बसनं पुण्याहून आलेला, डावी पोटरी टरारलेली, बायको म्हणे दाबून द्या जरा. मी हातच लावला नाही, रिक्षात बसवून दवाखान्यात पाठवलं, डॉपलर म्हणजे शिरांच्या सोनोग्राफीत रक्ताची गाठ निघाली. तिथं मी दाबलं असतं आणि गाठ सुटून फुप्फुसात गेली असती तर? मग ताप, पायाला जखम, फंगस, ताजं फ्रॅक्चर, गाउटचा ॲटॅक चालू असलेला, हे सगळे नंतर या. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर हलका हात आणि डॉक्टरांना विचारून. प्रेग्नन्सीत पहिल्या तीन महिन्यांत मी घेत नाही, नंतरही डॉक्टर हो म्हणाल्या तर. विदर्भात अजून दोन गोष्टी, ज्या पुण्या-मुंबईचे लोक लिहीत नाहीत. हत्तीपायाची सूज असेल तर जोराचा दाब अजिबात नको, त्वचेला बारीक भेग पडली तरी इन्फेक्शन होते. आणि सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार. आपल्याकडे सिकलसेलचे पेशंट भरपूर, क्रायसिसमध्ये हातपाय भयंकर दुखतात, घरचे म्हणतात पाय दाबून आणा. ते दुखणं दाबायचं नाही, पाणी पाजत थेट दवाखान्यात न्यायचं.

आता सेंटर निवडायचं कसं. सरकारच्या आयुष मंत्रालयाकडे आयुर्वेद, योग-निसर्गोपचार, युनानी, सिद्ध, सोवा-रिग्पा आणि होमिओपॅथी आहेत, रिफ्लेक्सॉलॉजी वेगळी पद्धत म्हणून त्यात नाही. म्हणजे भिंतीवर सर्टिफिकेट कितीही सोनेरी असलं तरी ती व्यक्ती त्यावरून डॉक्टर होत नाही, मी पण नाही. म्हणून सर्टिफिकेटपेक्षा बोलणं ऐका. गोळ्यांबद्दल विचारलं का, पाय नीट पाहिले का, एकेका सिटिंगचे पैसे घेतात का. मी ५०० घेते, त्या दिवसाचे त्या दिवशी, आणि तीन-चार वेळा करून काहीच फरक वाटला नाही तर मीच सांगते येऊ नका. आणि शुगर बरी करतो, बीपी बरं करतो अशी जाहिरात करणं तर कायद्यानंच चालत नाही, १९५४ चा औषधे आणि जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहे, त्याच्या यादीत डायबिटीस स्पष्ट लिहिलेला आहे. त्यांनी पॅम्फ्लेट दिलं असेल तर जपून ठेवा.

काकूंशी भांडू नका मात्र. त्यांना तिथं खरंच बरं वाटलं असेल, आणि त्यांनी आपलेपणानंच सांगितलं.

खरं सांगू का, डॉक्टरांनी पाय बघून ठीक म्हटलं की पहिले पंधरा दिवस माझ्याकडे पण येऊ नका, घरीच करा. रात्री जेवण झाल्यावर टीव्ही बंद, आईंना खुर्चीत बसवा, पाय तुमच्या मांडीवर टॉवेल घालून. आधी दिव्याखाली दोन्ही तळवे बघा, बेचक्या, टाचेच्या भेगा, लाल डाग, फोड, काही दिसलं तर तिथं हात नाही. तिळाचं किंवा खोबऱ्याचं तेल थोडंसं, बोटांच्या मधे जाऊ द्यायचं नाही, तिथं ओल राहिली की फंगस होते. घोटा दोन्हीकडून पाच-पाच वेळा फिरवा, तळव्यावर टाचेकडून बोटांकडे दोन्ही अंगठ्यांनी संथ, पोळीची कणिक मळतो त्यापेक्षा हलकं. मग एकेक बोट धरून हळूच ओढा. शेवटी तळव्याच्या मधोमध अंगठा ठेवून आईंना श्वास घ्यायला सांगा, सोडताना दाब सोडा, आठ-दहा वेळा. एका पायाला पाच मिनिटं. झालं की तेल पुसून टाका, नाहीतर रात्री बाथरूमला जाताना घसरतील, हे मी मुद्दाम लिहिते कारण माझ्या सासूबाई अशाच पडल्या होत्या. चार्ट लागत नाही. तुमचा लहान भाऊ आहे म्हणालात ना, एक दिवस त्याला आईंचे पाय चोळायला बसवा.

पंधरा दिवस झोपेची नोंद ठेवा, किती वाजता झोपल्या, कितीदा उठल्या, आणि सकाळची फास्टिंग शुगर पण लिहा. शुगर त्यानं खाली येईल या आशेनं नाही लिहायची, पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखवायला लिहायची. मग जर वाटलं की हिला शिकलेल्या हाताकडून एकदा करून घ्यावं तर आणा, दुपारी चारनंतर या, त्याआधी ऊन फार असते. येताना गोळ्यांची पट्टी आणि डॉक्टरांचा कागद, दोन्ही घेऊन या.